मानसोपचार वॉर्डातली सिस्टर बोलायला कधी शिकली?

जीएनएम या परिचारिकांच्या पदविका अभ्यासक्रमात ‘मानसिक आरोग्य परिचर्या’ हा विषय येतो. त्यात उपचारात्मक संवाद, आत्महत्येचा धोका ओळखणं आणि अत्याचार सोसलेल्या माणसाची शुश्रूषा हे तीन वेगळे धडे असतात. परीक्षेसाठी मुली संवादाची तंत्रं, धोक्याची लक्षणं आणि अत्याचाराचे प्रकार आलटून पालटून पाठ करतात. प्रत्यक्ष वॉर्डात मात्र तिन्ही धडे एकाच कामापाशी येतात. माणसाला जरा बाजूला घ्यायचं, नीट विचारायचं, तो सांगेल ते ऐकायचं आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. हे सिस्टरचं काम आहे असं मानायला लागून जेमतेम सत्तर वर्षं झाली. त्याआधीच्या वॉर्डात बोलणं फारसं अपेक्षितच नव्हतं.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं इंग्रजी अमलात उभी राहिली. नागपूरचं १८६४ सालचं, ठाण्याचं १९०१ सालचं. मुंबईकडे कोणी विचित्र वागलं की ‘ह्याला ठाण्याला पोचवा’, पुण्याकडे ‘येरवड्याला पाठवा’ ही थट्टा आजही चालते. ‘पाठवणं’ हीच त्या काळातली खरी क्रिया होती. १९१२ च्या लुनसी अ‍ॅक्टखाली, म्हणजे मनोरुग्णांविषयीच्या कायद्याखाली, बहुतेकांच्या दाखल होण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देत असे, आणि रस्त्यावर भटकणाऱ्याला पोलीस धरून आणत. आत आलेल्या माणसाशी सगळ्यात जास्त वेळ असे तो अटेंडंट. जेवण वाढणं, आंघोळी घालणं, पाळी बदलताना डोकी मोजणं आणि कमरेची चाव्यांची जुडी सांभाळणं ही त्याची कामं. मोजणी चुकली तर नोकरीवर गदा. वॉर्डातला कोण काय बोलला हे मात्र त्याला कोणी विचारत नसे. हा कायदा चांगला ८१ वर्षं टिकला. त्याच्या जागी आलेला १९८७ चा कायदा लागू व्हायला १९९३ उजाडलं.

या व्यवस्थेवर सरकारी कागदावर पहिली मोठी टीका आली ती देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या अहवालात, १९४६ साली. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर जन्माने नाशिकचे. समितीसाठी रांचीच्या मनोरुग्णालयाचे कर्नल टेलर यांनी देशातली १९ मनोरुग्णालयं पाहिली. चाळीस कोटींच्या देशात त्यांत एकूण १०,१८१ खाटा होत्या. यातल्या बऱ्याच इमारती उपचारापेक्षा माणसं कोंडून ठेवायच्या हिशेबाने बांधलेल्या आहेत, असा टेलर यांचा निष्कर्ष होता. प्रशिक्षित परिचारिकांची वानवा हा तर त्या अहवालाचा कायमचा सूर.

पुढचा प्रवास फार संथ आहे. १९५४ साली बंगळुरात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, तीच पुढे निम्हान्स झाली. तिथे १९५६ पासून परिचारिकांसाठी मानसोपचाराचा वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू झाला. बीएस्सी नर्सिंगला हा विषय सक्तीचा झाला १९६५ साली आणि जीएनएमला १९८६ साली. सरकारी दवाखाने चालतात ते मुख्यतः जीएनएम झालेल्या सिस्टर्सच्या जिवावर. म्हणजे भोर अहवालानंतर चाळीस वर्षांनी विषय खऱ्या अर्थाने वॉर्डापर्यंत पोचला. परवापरवा निवृत्त झालेल्या कित्येक इन्चार्ज सिस्टर मनोरुग्णाची शुश्रूषा निव्वळ कामावर शिकल्या. आणि चांगल्या शिकल्या, हेही सांगायला हवं.

बोलणं हाच उपचार, ही कल्पना आली अमेरिकेतून. हिल्डगार्ड पेप्लाऊ या परिचारिकेचं ‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ हे पुस्तक १९४८ च्या सुमारास लिहून तयार होतं, छापून आलं १९५२ साली. मधली चार वर्षं गेली ती एका नर्सने, सोबत डॉक्टर लेखक न घेता, असं पुस्तक काढावं हे प्रकाशकांना झेपेना म्हणून. पेप्लाऊबाईंचं म्हणणं थोडक्यात असं: परिचारिका आणि रुग्ण आधी एकमेकांना अनोळखी असतात, मग ओळख होते, मग रुग्ण त्या नात्याचा उपयोग करून घेतो आणि शेवटी नातं रीतसर संपवायचं असतं. इंजेक्शन देणं जितकं कौशल्याचं, तितकंच हे नातं चालवणंही. १९५२ सालीच फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन या मनोविकारावरच्या औषधाचा वापर सुरू झाला, हा योगायोग इतिहासाला मानवला. आरडाओरडा करणारे वॉर्ड औषधाने शांत झाले आणि बोलायला सवड मिळाली. नुसतं पुस्तक आलं असतं तर चाव्यांची जुडी इतक्या लवकर बाजूला पडली नसती, असं माझं मत.

पेप्लाऊबाईंच्या वारशातली सगळ्यात ठसठशीत गोष्ट म्हणजे प्रोसेस रेकॉर्डिंग. सायकॅट्रीच्या पोस्टिंगला गेलेल्या कुठल्याही विद्यार्थिनीच्या वहीत ते सापडेल. पानावर रकाने आखायचे. रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणाले, तेव्हा मला काय वाटलं, आणि मी कुठलं तंत्र वापरलं. संभाषण आठवून शब्दशः उतरवायचं. नेहमीचा नमुना असा. रुग्ण: “सिस्टर, मला घरी कधी नेणार?” विद्यार्थिनी: “नेतील हं काका, लवकरच नेतील. तुम्ही जेवून घ्या बघू.” ट्यूटरचं लाल पेन पहिल्या वाक्याखाली रेघ मारतं आणि समासात लिहितं, ‘खोटा दिलासा’. दुसऱ्या वाक्यापुढे, ‘विषय बदलला’. मग वर्गात चर्चा होते की काय म्हणता आलं असतं. “घरची आठवण येतेय का?” किंवा “कोणी भेटायला आलं नाही, त्याचं वाईट वाटतंय?” किंवा काहीच न बोलता दोन मिनिटं शेजारी बसता आलं असतं. गप्प बसणं हेही तंत्र आहे आणि ते मार्क मिळवून देतं, याचं मुलींना पहिल्यांदा हसू येतं.

यातलं सगळंच आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. अमेरिकी पुस्तक सांगतं की रुग्णाला नावाने हाक मारा आणि व्यावसायिक अंतर ठेवा. आपल्या वॉर्डात साठीच्या गृहस्थाला ‘अहो पाटील’ म्हटलं तर ते चौकीवरचं वाटतं, ‘काका’ म्हटलं की माणूस मान वर करतो. मावशी, आजी, दादा, ताई या हाकांनी निम्मं काम होतं. फक्त या हाकेमागून ‘काकांनी आता शहाण्यासारखं वागायचं’ असा लाडीक दम येतो, तेव्हा ट्यूटरचं लाल पेन पुन्हा बाहेर निघतं, आणि ते बरोबरच आहे.

आपली दुसरी खासियत नातेवाइकांची. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या घरच्यांना आवारातच तंबू ठोकून राहायला बोलावलं. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, घरच्यांची भीती गेली. जवळच्या माणसाने सोबत राहण्याची ही पद्धत पुढे देशभर रुळली आणि भारतीय मानसोपचाराला तिचा रास्त अभिमान आहे. पण अत्याचाराच्या प्रश्नावर गाडी इथेच अडते. बाई नीट झोपत नाही, अन्नावर वासना नाही, अंगावर जुने वळ आहेत. तिची हकिकत सांगायला उभा असतो नवरा नाहीतर सासू. सिस्टरने काही विचारलं की उत्तर तेच देतात. वळ ज्याच्या हातचे, तोच केस पेपरसाठी माहिती पुरवतो.

यातून वाट काढायचा एक महत्त्वाचा प्रयोग मुंबईत झाला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केलं. घरगुती हिंसाचार हा आरोग्याचा प्रश्न मानून सरकारी दवाखान्यातच समुपदेशन सुरू करणारं देशातलं हे सुरुवातीचं केंद्र. केंद्र बाहेर उघडलं असतं तर बाईला ‘कुठे चाललीस’ याचा हिशेब द्यावा लागला असता. दवाखान्यात जायला कारण लागत नाही. इथल्या सिस्टर्सना आणि डॉक्टरांना शिकवलं गेलं ते कुठल्या खुणा दिसल्या की संशय घ्यायचा, नातेवाइकाला ‘केस पेपर काढून आणा’ म्हणून बाहेर कसं पाठवायचं आणि मग काय विचारायचं. केंद्राच्या कामातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. विषारी औषध पोटात गेलेल्या बायका दाखल होत आणि कागदावर ‘चुकून प्यायल्या’ अशी नोंद होई. एकट्यात विचारल्यावर त्यातल्या अनेकींच्या मागे घरची मारहाण निघे. आत्महत्येचा धडा आणि अत्याचाराचा धडा असे एकाच खाटेवर येतात. घरगुती हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा, लागू २००६ मध्ये, म्हणजे भाभातलं केंद्र कायद्याच्या पुढे होतं. मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने सिस्टरवर आणखी एक बंधन आलं. लैंगिक अत्याचार कळला तर तो पोलिसांना कळवणं सक्तीचं. त्यामुळे ‘मी कोणाला नाही सांगणार’ असं वचन लेकराला देता येत नाही. त्याऐवजी काय बोलायचं, हे शिकावं लागतं.

‘चुकून प्यायल्या’ असं का लिहिलं जाई? कारण दंडविधानाचं कलम ३०९. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद. अशी केस आली की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होते, पोलीस जबाब घ्यायला येतात. खरं सांगितलं तर गुन्हेगार, अशा ठिकाणी “तुमच्या मनात मरणाचे विचार येतात का?” या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर कोण देणार? विधी आयोगाने १९७१ सालीच हे कलम काढायला सांगितलं होतं. त्यासाठीचं विधेयक १९७८ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभा बरखास्त झाल्यावर बारगळलं. मग १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. मुंबई पोलिसांतला एक शिपाई अपघातात डोक्याला मार लागल्यापासून मानसिक आजारी होता. बायकोसाठी भाजीच्या गाळ्याचा परवाना मागायला तो १९८५ मध्ये महापालिकेत गेला, दाद लागेना, आणि आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर त्याने पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. खटला कलम ३०९ खाली भरला गेला. न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालय १९९४ मध्ये त्याच मताला आलं आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवलं. कलम पुन्हा जिवंत.

कायदा असा हेलकावे खात असताना वॉर्डात दुसरीच घडामोड चालू होती. विचारल्याने डोक्यात नसलेलं खूळ शिरतं, ही समजूत डॉक्टर-नर्सेसमध्येही पक्की होती. त्यावर झालेल्या अभ्यासांत तसा पुरावा सापडला नाही. विचारल्यावर अनेकांना सुटल्यासारखं होतं. अमेरिकेत १९७० च्या दशकात ‘मी जिवाचं बरंवाईट करणार नाही’ असं रुग्णाकडून कबूल करून घ्यायची पद्धत निघाली आणि ती आपल्याकडेही आली. त्या कागदाने कोणाचा जीव वाचतो हे सिद्ध झालेलं नाही. वाचलाच तर दवाखान्याचा वाचतो. पुढे गुण देऊन धोका मोजणारे तक्ते आले. ब्रिटनची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आता सांगतात की अशा तक्त्यांवरून पुढे काय होईल याचं भाकीत करू नका. आजचा भर आहे तो रुग्णाबरोबर बसून सुरक्षेची योजना लिहिण्यावर. विचार बळावायला लागले हे कशावरून ओळखायचं, तेव्हा कोणाला फोन करायचा, घरातल्या कोणत्या वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायच्या. त्यात टेली-मानसचा १४४१६ हा नंबरही असतो. २०२२ पासून सुरू झालेली ही सरकारी हेल्पलाइन विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं. महाराष्ट्राला या सगळ्याची गरज किती, ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा आकडा सांगतो: राज्यात २२,७४६ आत्महत्या, देशात सर्वाधिक.

अत्याचार फक्त घरी होत नाही, रुग्णालयातही होतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या १९९९ च्या अहवालाने ३७ मनोरुग्णालयांतल्या कोठड्या आणि अपुरा कर्मचारीवर्ग चव्हाट्यावर आणला. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. साखळदंडाने बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही, २८ जण दगावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडावर कुठल्याही स्वरूपात बंदी घातली आणि भूल न देता शॉक देणं थांबवलं. बांधून ठेवायचंच झालं तर ते तातडीचा धोका टाळण्यापुरतं, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. माणसं कमी आहेत हे त्याचं कारण असू शकत नाही, असंही कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. रात्रपाळीला चाळीस खाटांवर एकटी असलेली सिस्टर ते वाक्य वाचून काय म्हणत असेल, याची कल्पना केलेली बरी.

याच कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं, त्याच्यावर खटला भरू नये असं म्हटलं आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ उरलंच नाही. मात्र नवं कलम २२६ आलं आहे. सरकारी नोकराला काही करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्याचं काम रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर तो अजूनही गुन्हा. महापालिकेच्या दारात पेटवून घेऊ पाहणाऱ्या १९८५ च्या त्या शिपायावर आज नेमकं हेच कलम लावता येईल. त्याला कलम ११५ ची ढाल मिळेल का, यावर वकिलांना भांडायला जागा आहे. त्या भांडणात जो कागद उघडला जाईल तो कॅज्युअल्टीतला पहिला केस पेपर आणि त्याला जोडलेल्या सिस्टरच्या नोट्स: किती वाजता आला, सोबत कोण होतं, कधीपासून झोप नाही, आणि अवतरण चिन्हांत, तो स्वतः काय म्हणाला.