दिवाणी सरकारी वकील, गोव्यातील

राज्य शासन वादी किंवा प्रतिवादी असलेल्या दिवाणी दाव्यांत शासनाची बाजू मांडणारा विधिज्ञ. फौजदारी खटले चालवणारा सरकारी अभियोक्ता त्याहून वेगळा. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे शासनातर्फे ‘अ‍ॅडिशनल गव्हर्न्मेंट अ‍ॅडव्होकेट’ उभे राहतात. महाराष्ट्रात ‘एजीपी’ (असिस्टंट गव्हर्न्मेंट प्लीडर) म्हणून ओळखले जाणारे पद साधारण याच्या जोडीचे. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाल्यावर संविधानाच्या अनुच्छेद १६५ नुसार महाधिवक्ता, म्हणजे राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी, नेमला जाऊ लागला.

या पदाचा उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. पोर्तुगीज अमदानीत शासनाची, तसेच अज्ञान (अल्पवयीन) व बेपत्ता व्यक्तींची बाजू ‘मिनिस्तेरियु पुब्लिकु’ ही यंत्रणा सांभाळत असे. गोव्याच्या ‘रेलासांव’ या वरिष्ठ न्यायालयात राजसत्तेचा वेगळा प्रोकुरादोर (वकील) असे. त्या न्यायालयाची स्थापना सामान्यतः १५४४ मध्ये धरली जाते. आजचे पद याच परंपरेतले मानण्याचा मोह होतो. परंतु सध्याच्या सरकारी वकिलाचे अधिकार १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतून, विशेषतः कलम २(७) व आदेश २७ मधून येतात, आणि ती संहिता गोव्याला लागू झाली १५ जून १९६६ रोजी. डिसेंबर १९६१ मधील मुक्तीनंतरची साडेचार वर्षे दिवाणी कामकाज १९३९ च्या पोर्तुगीज प्रक्रिया संहितेनुसारच चालले. तेव्हा पद ब्रिटिश भारतीय वळणाचे आणि त्याच्या पुढ्यातले दप्तर पोर्तुगीज, असे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

१९६२ च्या गोवा, दमण व दीव प्रशासन कायद्याच्या कलम ५ ने मुक्तीपूर्वीचे कायदे रद्द वा दुरुस्त होईपर्यंत चालू ठेवले. त्यातून दावा लावण्याच्या मुदतीचा प्रश्न निर्माण झाला व तो दीर्घकाळ चिघळला. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील मुदतीची कलमे भारताच्या १९६३ च्या मुदत कायद्यापुढे टिकतात काय? सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ती स्थानिक कायदा म्हणून टिकतात असे धरले. २००१ मध्ये सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात मात्र ती गर्भितपणे रद्द झाल्याचा निर्णय दिला. सरकारी जमिनीच्या दाव्यात हा भेद फार जड जातो. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ११२ प्रमाणे शासनाला दाव्यासाठी ३० वर्षे मिळतात. खासगी मालकाला ताब्याच्या दाव्यासाठी १२. तरीही प्रतिपक्षाने आपली वहिवाट (मालकी मिळवून देणारा दीर्घ ताबा) १ जानेवारी १९६४ पूर्वीच, म्हणजे मुदत कायदा अमलात येण्याआधीच, पुरी झाल्याचे सांगितले तर पोर्तुगीज संहिता उघडावीच लागते.

कागदपत्रांचा भाग त्याहून अवघड. जुनी जमीन-नोंदणी पोर्तुगीजमध्ये, कोमुनिदादींचे (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांचे) काही जुने दप्तर गोयकानडी या जुन्या लिपीत आणि भूमापनाचा फॉर्म १ व १४, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा, मुक्तीनंतरचा. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार भूमापनातील नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण तिने मालकी सिद्ध होत नाही. शासनाच्या नावे नोंद आहे एवढ्यावर विसंबलेली कैफियत (दाव्याला दिलेले लेखी उत्तर) म्हणूनच कच्ची राहते. गोव्यात हा वकील जुना पोर्तुगीज दस्तऐवज स्वतः वाचू शकतो की केवळ भाषांतरावर चालतो, यावर गावाच्या सामाईक जमिनीचे भवितव्य अवलंबून असू शकते. या कौशल्याकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले जात नाही.

शासनावर दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तातडीच्या मनाई हुकुमासाठी न्यायालयाच्या परवानगीने ही अट शिथिल होते. तक्रार दाव्याआधीच मिटावी हा नोटिशीचा हेतू. प्रत्यक्षात अशा नोटिशींना बहुधा उत्तरच जात नाही, ही खंत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये व्यक्त केली व उत्तराची जबाबदारी ठरावीक अधिकाऱ्यावर सोपवण्यास सांगितले. कैफियतीतील मजकुराची सत्यता वकील नव्हे, तर वस्तुस्थिती ठाऊक असलेला अधिकारी प्रमाणित करतो. साहजिकच मामलेदार कचेरीतून वा भूमापन खात्यातून माहिती वेळेवर आली नाही की तारीख पडते. आदेश २७, नियम ५ब प्रमाणे शासन पक्षकार असलेल्या दाव्यात तडजोडीसाठी साहाय्य करणे हे न्यायालयाचेही कर्तव्य आहे. भूसंपादनातील वाढीव मोबदल्याचे संदर्भ (निर्णयासाठी पाठवली जाणारी प्रकरणे) हा कामाचा आणखी एक मोठा भाग.

नेमणूक शासन करते. हे लोकपद की केवळ व्यावसायिक करार, याबाबत न्यायनिर्णयांचा कल बदलत आला आहे. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील जिल्हा सरकारी वकिलांना एकगठ्ठा काढून टाकणे मनमानी ठरवले. २००४ मध्ये अशा नेमणुकांच्या न्यायालयीन फेरतपासणीची कक्षा मर्यादित केली. २०१६ मध्ये पंजाब व हरियाणाच्या संदर्भात निवड गुणवत्तेवर व पारदर्शक रीतीने व्हावी असे बजावले.