शिदोरी नसलेलं बी आणि बाटलीतलं ऑर्किड

ऑर्किडची शेंग पिकून तडकते ना, तेव्हा आतून बी बाहेर पडतंय असं वाटतच नाही, फिकट पिवळी पूड सांडल्यासारखं दिसतं, आणि ती कागदावर घेऊन नुसती फुंकर मारली तरी सगळी गायब. एका शेंगेत हजारो, काही जातींत तर लाखांच्या घरात बिया असतात. एवढ्या बिया म्हटल्यावर ऑर्किड गवतासारखं कुठेही उगवायला हवं होतं, पण तसं होत नाही, कारण ह्या बीजवळ शिदोरीच नसते. मक्याच्या दाण्यात कोंबाला पुरेल एवढं पीठ भरलेलं असतं, ऑर्किडच्या बीत तसलं काहीच नाही, थोड्याशा पेशींचा एक ठिपका आणि त्यावर जाळीसारखं पातळ टरफल. वाऱ्यावर लांब जाईल इतकं हलकं, पण जन्मापासून उपाशी.

मग जंगलात हे रुजतं तरी कसं? ह्याचा उलगडा 1899 साली झाला. फ्रान्समध्ये नोएल बर्नार नावाचा तरुण वनस्पतीशास्त्रज्ञ फॉन्टेनब्लोच्या जंगलात फिरत होता, तिथे त्याला निओटिया ह्या ऑर्किडचा फुलांचा दांडा पाचोळ्याखाली गाडला गेलेला सापडला आणि त्याच्या शेंगांमध्येच बिया रुजलेल्या होत्या. त्याने ती रोपं मायक्रोस्कोपखाली बघितली तर प्रत्येकात बुरशी शिरलेली! म्हणजे जी बुरशी आपण रोग म्हणून ओळखतो, तीच इथे दूध पाजणारी आई निघाली. बुरशीचे तंतू बीमध्ये शिरतात, बी त्यांच्याकडून अन्न घेतं आणि मग फुगून हिरवा मणी होतं, त्याला प्रोटोकॉर्म म्हणतात. पान नाही, मूळ नाही, नुसता मणी. बर्नार 1911 मध्ये अवघ्या 36 व्या वर्षी गेला, पण आज बाटलीत जे ऑर्किड वाढतं त्याची सुरुवात माझ्या मते त्या पाचोळ्यातल्या दांड्यापासूनच धरायला हवी.

पुढचा प्रश्न विचारला अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या लुईस नडसनने. बुरशी बीला नेमकं देते काय? साखरच देत असेल तर ती आपणच दिली तर? त्याने अगरच्या जेलीत खनिजं आणि साखर मिसळली, त्यावर बिया पेरल्या आणि बुरशीशिवाय त्या रुजल्या. हे 1922 साल. त्याआधी लोक आई-झाडाच्याच कुंडीत बी भुरभुरायचे आणि हजारातलं एखादं उगवलं तर नशीब समजायचे. त्याने 1946 मध्ये दिलेली नडसन सी ही कृती आजही लॅबमध्ये वापरतात, म्हणजे बघा ती किती पक्की होती.

पण साखर म्हटली की फक्त ऑर्किडच येतं असं थोडंच आहे, हवेतली प्रत्येक बुरशी आणि बॅक्टेरिया त्याच पंगतीला येऊन बसतात. ऑर्किडचा मणी महिन्यांच्या हिशोबाने वाढतो आणि बुरशी दोन दिवसांत अख्खी बाटली खाऊन टाकते. म्हणून टिश्यू कल्चरच्या, म्हणजे बाटलीत जंतूविरहित जेलीवर रोपं वाढवण्याच्या लॅबमधली निम्म्याहून जास्त मेहनत झाड वाढवण्याची नसून बाकी कोणी आत येऊ नये ह्याची असते. मीडियम, म्हणजे ही साखर-खनिजांची जेली बनवायची, त्याचा पीएच 5.6 ते 5.8 च्या मध्ये आणायचा, मग बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये 121 डिग्रीवर 15-20 मिनिटं ठेवायच्या. हा ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. पुढचं सगळं काम लॅमिनार फ्लोच्या कपाटासमोर बसून, जिथे गाळलेली हवा सतत आपल्या तोंडावर येत राहते, आणि चिमटा दर वेळी निर्जंतुक करून गार झाल्यावरच वापरायचा.

ह्यात एक युक्ती मला फार आवडते. पिकून फुटलेल्या शेंगेतलं बी निर्जंतुक करायला जावं तर ते इतकं नाजूक की औषधाने तेच मरायचं, म्हणून शेंग हिरवी आणि बंद असतानाच तोडतात. बंद शेंगेच्या आत जंतू नसतातच, त्यामुळे फक्त बाहेरून ती ब्लीचने नीट धुतली, कपाटात चिरली आणि आतलं बी मीडियमवर पसरलं की झालं. मीडियममध्ये बऱ्याच ठिकाणी नारळाचं पाणी किंवा केळ्याचा गर घालतात, कारण त्यातले नैसर्गिक हार्मोन आणि साखरा रोपांना मानवतात. कोळशाची पूडही घालतात, म्हणून कितीतरी बाटल्यांतली जेली काळी दिसते. कापलेल्या जागेतून रोप जे काळं द्रव्य सोडतं आणि त्यानेच स्वतः गुदमरतं, ते हा कोळसा शोषून घेतो.

आता एक महत्त्वाचा फरक. बीपासून आलेली रोपं म्हणजे भावंडं, प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा. एखादं फूल अप्रतिम निघालं आणि अगदी तसंच पुन्हा हवं असेल तर बी कामाचं नाही, त्या झाडाचा तुकडाच वाढवावा लागतो. फ्रान्सच्याच जॉर्ज मोरेलने 1960 मध्ये सिम्बिडियम ह्या ऑर्किडवर हे करून दाखवलं, खरं तर त्याला व्हायरसमुक्त झाड हवं होतं. कोंबाच्या अगदी टोकाच्या पेशींपर्यंत व्हायरस बहुतेक वेळा पोचलेला नसतो, म्हणून त्याने मिलिमीटरहून लहान टोक काढून वाढवलं, तर त्याचे प्रोटोकॉर्मसारखे मणी झाले आणि ते कापले की प्रत्येक तुकड्याचे पुन्हा मणी! ऑर्किड सामान्य माणसाच्या खिडकीत आलं ते ह्या कापाकापीमुळे.

फॅलेनॉप्सिस ह्या ऑर्किडचं मात्र जरा अडतं. त्याला वाढणारा शेंडा एकच, तो कापला तर झाडच जायचं. मग फुलं झडल्यावरचा दांडा घेतात, त्याच्या पेराला उसासारखाच डोळा असतो, तो बाटलीत लावून सायटोकायनिन हे हार्मोन दिलं की डोळ्यातून फुलाऐवजी रोप फुटतं. पण लोभ नको. एकाच तुकड्यापासून पुन्हा पुन्हा सबकल्चर करत, म्हणजे कापून नव्या बाटलीत वाढवत राहिलं तर काही रोपांत बदल शिरतात, फुलं वेडीवाकडी निघतात, आणि हे कळतं फुलल्यावरच, म्हणजे बाटलीतून निघाल्यावर साधारण दोन-तीन वर्षांनी. तोपर्यंत सगळी रोपं सारखीच हिरवीगार दिसतात.

आणि मग हार्डनिंग, म्हणजे बाटलीतल्या रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावणं. मी पहिली बाटली उघडली तेव्हा रोपं इतकी टवटवीत होती की मला वाटलं आता काळजी संपली, सरळ कुंडीत लावून उजेडात ठेवली आणि आठवड्यात निम्मी गेली. फार वाईट वाटलं होतं. आता कारण कळतं. बाटलीत जवळजवळ 100 टक्के दमट हवा असते, त्यामुळे पानांवरचा मेणाचा थर नीट तयारच होत नाही आणि पानांवरची छिद्रं मिटायला शिकलेली नसतात, बाहेर आल्यावर पाणी नुसतं उडून जातं. साखरही आयती मिळालेली, स्वतः उन्हात अन्न बनवायची सवय नाही.

म्हणून आता आधी बाटली काही दिवस बंदच, पण जरा जास्त उजेडात ठेवते. मग कोमट पाण्याने जेली सैल करून रोपं हळूच बाहेर, आणि मुळांना चिकटलेली जेली बोटांनी पूर्ण धुवायची, अगदी कणही ठेवायचा नाही, कारण त्या साखरेवरच बुरशी येते आणि मूळ कुजतं. मुळं काचेच्या काडीसारखी मोडतात, घाई करून चालत नाही. मग ओल्या मॉसमध्ये, म्हणजे शेवाळात, सगळी रोपं एकत्र, वर पारदर्शक झाकण, सावली, आणि झाकण रोज थोडं थोडं जास्त उघडायचं. बाटलीतली जुनी पानं हळूहळू पिवळी पडली तर मी घाबरत नाही, मी मधल्या नव्या पानाकडे बघते. ते जुन्या पानांपेक्षा जाड आणि ताठ निघालं, आणि मॉसमध्ये हिरव्या टोकाचं नवं मूळ शिरताना दिसलं, की त्या दिवशी झाकण काढून बाजूला ठेवते.