काळी स्क्रीन आणि चुकीचा आरोपी

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, अपडेट केला, संगणक रीस्टार्ट केला. लोगो दिसला, पांढऱ्या अक्षरांच्या चार-पाच ओळी सरकल्या आणि स्क्रीन काळी झाली ती झालीच. पंखा फिरतोय, कॅप्स लॉक दाबलं की कीबोर्डवरचा दिवा पेटतोय. म्हणजे मशीन जिवंत आहे, फक्त त्याला काही दाखवता येत नाहीये. ग्राफिक्स ड्रायव्हरला, म्हणजे चित्र दाखवणारी चिप चालवणाऱ्या कोडला, लाखोली वाहायची आणि जुन्या कर्नलवर परत जायचं, हा यावरचा लिनक्सवाल्यांचा ठरलेला उपाय.

गंमत अशी, की काही वेळा त्या अपडेटमध्ये ड्रायव्हरच्या एकाही ओळीला कुणी हात लावलेला नसतो. बदल झालेला असतो मेमरी व्यवस्थापनात. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे, तो बदलही बरोबरच असतो.

आधी ओळी दिसल्या आणि मग काळोख का झाला, ते समजून घेऊ. सुरुवातीला जे दिसतं ते फर्मवेअरने, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमने, मांडून दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर. मेमरीचा एक तुकडा, त्यात लिहाल ते स्क्रीनवर उमटतं. खरा ड्रायव्हर आला की तो ही तात्पुरती सोय मोडीत काढतो आणि चिप स्वतःच्या ताब्यात घेतो. त्यानंतर तो स्वतःच कोसळला, तर जुनंही गेलं आणि नवंही आलं नाही. पूर्वी रिझोल्यूशन ठरवणं वगैरे कामं कर्नलबाहेरचा एक्स सर्व्हर, म्हणजे खिडक्या रंगवणारा प्रोग्रॅम, करायचा. मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ पासून इंटेलच्या चिपसाठी हे काम कर्नलमध्ये आलं, मागोमाग इतरांचंही आलं. फायदे पुष्कळ झाले, पण ड्रायव्हरची चूक आता लॉगिनपर्यंत पोचूच देत नाही.

आता मेमरीकडे वळू. कर्नल तिचा हिशेब पानांत ठेवतो. बहुतेक मशीनवर एक पान ४०९६ बाइटचं. प्रोग्रॅमला दिसतात ते पत्ते आभासी असतात. खऱ्या रॅममधलं पान कुठलं, हे प्रोसेसरमधला पत्ते बदलून देणारा भाग, एमएमयू, कोष्टकं बघून ठरवतो. कल्पना जुनी आहे, मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकात १९६२ मध्येच ती होती. तिच्यामुळे सामान्य प्रोग्रॅमला आपलं पान रॅमच्या तळाशी आहे की माथ्यावर याचं सोयरसुतक नसतं. ग्राफिक्स चिपचं तसं नाही. ती प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅममध्ये वाचते आणि लिहिते. यालाच डीएमए म्हणतात. तिची पत्त्यांची कोष्टकं वेगळी असतात आणि ती ड्रायव्हरला भरून द्यावी लागतात. शिवाय तिची भूक दांडगी. ३८४० × २१६० ची एकच फ्रेम घ्या. पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर बरोबर ८१०० पानं झाली.

ही पानं कशी मिळतील याबद्दल ड्रायव्हर लिहिणारा नकळत काही गृहीत धरून बसतो. कुणी धरतो की पान कोरं, शून्यांनी भरलेलंच मिळेल. कुणी धरतो की ४ एमबीचा सलग तुकडा मागितला की मिळणारच. कुणी धरतो की परत केलेल्या पानाला लगेच दुसरं कुणी शिवणार नाही. यातलं काहीही कर्नलने कबूल केलेलं नसतं, पण वर्षानुवर्षं तसंच घडत आल्यामुळे चालून जातं. मग मेमरीवाले पानवाटपाची पद्धत सुधारतात आणि एकेक गृहीतक उघडं पडतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, असं आपण योगायोगाबद्दल म्हणतो. इथे तो निव्वळ योगायोगही नसतो, कारण फांदी आतून किडलेली होती आणि वजन खरोखरच पडलं.

पण हे सिद्ध कसं करायचं, तेही स्क्रीनशिवाय? पहिली पायरी म्हणजे बूट करताना ‘नोमोडसेट’ हा पर्याय देणं. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला राहतो आणि फर्मवेअरचा फ्रेमबफर टिकतो. चित्र संथ, पण दिसतं. मशीन आतून चालू असेल तर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, आत शिरता येतं. नसेल तर कर्नलचे संदेश तारेने दुसऱ्या संगणकाकडे पाठवणारा सिरियल पोर्ट आहे. प्रत्येकाच्या लॅपटॉपला तो नसतो, पण ज्यांच्याकडे असतो ते त्याची किंमत जाणून असतात. काही मशीनवर कर्नल मरताना शेवटच्या ओळी राखीव जागेत लिहून ठेवतो, त्या पुढच्या बूटनंतर वाचता येतात.

लॉग हाती आला की निम्मं काम झालं, फक्त तो सावकाश वाचायला हवा. समजा, कर्नल कोसळल्याच्या नोंदीत प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये (आकडे ठेवायच्या छोट्या कप्प्यात) ६बी६बी६बी६बी असा सोळाच्या पायातला, म्हणजे हेक्समधला, आकडा दिसतोय. हा आकडा आपोआप पडत नाही. मेमरी तपासणीचा पर्याय चालू असला की कर्नल परत आलेल्या तुकड्यात मुद्दाम ६बी हा बाइट ओतून ठेवतो. पत्त्याच्या जागी तो दिसला याचा अर्थ ड्रायव्हर आधीच परत केलेल्या मेमरीतून वाचत होता. इथे तपास जवळजवळ तिथेच संपतो.

सगळ्याच केसेस इतक्या उघड नसतात. बऱ्याचदा लॉग मोघम असतो आणि मग दोषी बदल शोधून देणारं गिट बायसेक्ट हाती घ्यावं लागतं. गिट ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली लिनक्सचा जनक लिनस टोरव्हाल्ड्सने २००५ मध्ये कर्नलसाठीच लिहिली. कर्नलच्या एका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. ठीक चाललेला कर्नल आणि बिघडलेला कर्नल अशी दोन टोकं दिली की गिट मधला बदल काढून देतो. तो बांधायचा, बूट करायचा, चांगला की वाईट ते सांगायचं. दर वेळी शिल्लक यादी निम्मी होते. १६,३८४ बदल असले तरी १४ फेऱ्यांत एकच उरतो.

माझ्या मते लोक बायसेक्टवर जरा जास्तच भिस्त ठेवतात. एक तर मेमरीचे बग लहरी असतात. त्या बूटला नेमकं कुठलं पान वाट्याला आलं यावर सगळं अवलंबून असतं. त्यामुळे बिघडलेला कर्नलही एखाद्या वेळी सुखरूप बूट होतो. घाईने त्याला ‘चांगला’ म्हटलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या भलत्याच दिशेला जातात. म्हणून ‘चांगला’ म्हणण्याआधी तोच कर्नल अनेकदा बूट करून बघावा. दुसरं म्हणजे, बायसेक्ट लक्षण कधी सुरू झालं ते सांगतं, रोग कुठे आहे ते नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बायसेक्टने बोट दाखवलं ते पानवाटपाचा क्रम बदलणाऱ्या एका बदलाकडे. तो बदल कितीही वेळा वाचला तरी त्यात खोट सापडत नाही. मात्र तक्रार करणाऱ्या सगळ्यांच्या मशीनमध्ये १६ जीबी किंवा जास्त रॅम आहे. ४ जीबीवाल्यांची तक्रारच नाही. मग १६ जीबीच्या मशीनला ‘मेम=३जी’ असा पर्याय देऊन बूट केलं, म्हणजे वरची रॅम वापरूच नकोस असं कर्नलला बजावलं. स्क्रीन लख्ख उजळली. आता ड्रायव्हरमध्ये एक ओळ घालायची. कर्नलने कुठला पत्ता दिला आणि चिपच्या कोष्टकात कुठला लिहिला गेला, एवढंच ती छापते. हेक्समध्ये दोन आकडे येतात: १४००००००० आणि ४०००००००. पुढचा १ गळला! पहिला पत्ता ५ जीबीचा, दुसरा १ जीबीचा. ड्रायव्हरने तो ३२ बिटांच्या चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवला होता आणि ३२ बिटांत ४ जीबीच्या पलीकडचा पत्ता मावतच नाही. चिप बिचारी सांगितल्याप्रमाणे १ जीबीच्या ठिकाणी वाचत होती आणि तिथे भलत्याच कुणाचं तरी काही पडलेलं होतं. वाचण्याऐवजी लिहायची वेळ आली असती तर त्या भलत्याच कुणाचा निकाल लागला असता. अशा वेळी आयओएमएमयू, म्हणजे चिपसारख्या उपकरणांच्या पत्त्यांवर पहारा ठेवणारा भाग, चालू असला तर परवानगी नसलेल्या पानावर जाणाऱ्या चिपला तो अडवतो आणि तशी नोंद करतो. बंद असेल तर सगळं बिनबोभाट होतं.

आधीच्या क्रमात बूटच्या वेळी मिळणारी पानं ४ जीबीच्या खालची निघत, म्हणून चूक झाकली गेली होती.

४ जीबीची ही सीमा काही वेळा सिलिकॉनमध्येच असते. इंटेलची ९६५जीएम ही चिप ४ जीबीच्या वरच्या काही गोष्टी हाताळू शकत नाही. म्हणून लिनक्समधल्या तिच्या ड्रायव्हरमध्ये त्या पिढीसाठी वेगळी अट घालून खालचीच पानं मागितलेली आहेत, आणि शेजारी तसं लिहूनही ठेवलं आहे. हेच बरोबर वागणं. चिपची मर्यादा कर्नलला स्पष्ट कळवली की तो तेवढ्यात बसणारी पानं देतो. न कळवता नशिबावर सोडलं की कधीतरी गळा धरला जातो.

दुरुस्तीच्या वेळी मात्र थोडं राजकारण होतं. ज्याचं मशीन काल चालत होतं त्याचं ते आजही चाललं पाहिजे, मग मूळ चूक कुणाचीही असो, असा टोरव्हाल्ड्सचा आग्रह जगजाहीर आहे. त्यामुळे ड्रायव्हरची दुरुस्ती वेळेत आली नाही, तर मेमरीतला निर्दोष बदलच मागे घेतला जाऊ शकतो. चोर सोडून संन्याशाला सुळी! मेमरीवाले चरफडतात, पण वापरणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर मला हा नियम योग्यच वाटतो, कारण काळ्या स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला चोर कोण याच्याशी देणंघेणं नसतं.

आपल्या उदाहरणातली दुरुस्ती एका ओळीची आहे: ३२ बिटांचा चल ६४ बिटांचा करायचा. तिच्यासोबत ‘फिक्सेस’ अशी एक नोंद जोडतात, कुठल्या बदलातली चूक दुरुस्त होतेय हे सांगणारी. इथे त्या नोंदीत बायसेक्टने दाखवलेला बदल लिहायचा नसतो. ज्या बदलाने ते ३२ बिट ड्रायव्हरमध्ये आले, तो लिहायचा. जुन्या स्थिर आवृत्त्या सांभाळणारे ही नोंद बघून दुरुस्ती किती मागे न्यायची ते ठरवतात. ताजा बदल लिहिला असता तर त्या आवृत्त्या दुरुस्तीविनाच राहिल्या असत्या.