मायनर लीगमधल्या खेळाडूची पारख: पार्श्वभूमी

मेजर लीग बेसबॉलच्या प्रत्येक क्लबला आज अमेरिकेत मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या पायऱ्यांवरच्या लीगच्या, करारावर मोसमाच्या काळात जास्तीत जास्त १६५ खेळाडू ठेवता येतात. १९४०च्या आसपास एकट्या सेंट लुइस कार्डिनल्सकडे सहाशेच्या वर खेळाडू होते. प्रॉस्पेक्टची, म्हणजे पुढे मेजर लीगमध्ये खेळू शकेल अशा पोराची, पारख कशी बदलत गेली हे समजून घ्यायचं तर सुरुवात या दोन आकड्यांपासून करावी. एरवी हा इतिहास अनुभवी स्काउट (मैदानोमैदानी फिरून पोरं हेरणारे) विरुद्ध संगणकवाले अशा भांडणाच्या रूपात सांगितला जातो. त्यात मूळ कारण हरवतं. किती पोरं किती वर्षं सांभाळता येतात आणि त्यांच्यासाठी किती पैसे मोजावे लागतात, यावरूनच त्यांना जोखायची रीत ठरत आली आहे.

मायनर लीगची तुलना आपल्याकडच्या रणजीशी केली तर घोटाळा होतो. रणजी खेळणारा राज्य संघटनेचा असतो. मायनर लीगमधला खेळाडू मात्र वरच्या क्लबच्या मालकीच्या करारावर असतो, आणि त्याला कुठे, किती आणि कोणत्या जागी खेळवायचं हे तो क्लबच ठरवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं नव्हतं. तेव्हा मायनर लीगचे क्लब स्वतंत्र होते आणि खेळाडू विकणं हा त्यांचा धंदा होता. बाल्टिमोरच्या जॅक डन यांनी १९१४ साली बेब रूथला बोस्टनला विकलं. पुढे लेफ्टी ग्रोव्ह या पिचरला (बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्याला) त्यांनी पाच मोसम आपल्याकडेच ठेवलं आणि १९२४ मध्ये १,००,६०० डॉलरला फिलाडेल्फियाच्या हवाली केलं. ग्रोव्ह मेजर लीगमध्ये पोचला तेव्हा पंचविशीत होता आणि बाल्टिमोरसाठी शंभराहून अधिक सामने जिंकून आला होता. अशा खेळाडूला वेगळं जोखावं लागतच नव्हतं. निकाल समोर होता, फक्त पैसे हवे होते.

सेंट लुइसकडे तेच नव्हते. त्यांच्या स्काउटनी चांगला पोरगा शोधून काढला की मायनर क्लबचा मालक श्रीमंत क्लबांना कळवायचा आणि बोली वाढवून घ्यायचा. यावर क्लबचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकी यांनी १९१९ पासून तोड काढली ती मायनर क्लबांमध्येच हिस्सा विकत घ्यायची: ह्यूस्टन, फोर्ट स्मिथ, सिराक्यूज. खेळाडू कच्चा असतानाच स्वस्तात करारबद्ध करायचा आणि आपल्याच संघांतून पायरीपायरीने वर आणायचा. फार्म सिस्टीम म्हणतात ती हीच. १९३०च्या दशकाच्या अखेरीस कार्डिनल्सकडे तीसच्या वर संघ होते.

रिकींच्या पारखीचा पाया संख्या हा होता. खुली चाचणी शिबिरं भरायची, शेकडो पोरं यायची, आणि पहिल्या काही तासांत दोनच गोष्टी बघितल्या जायच्या: किती जोरात फेकतो आणि किती वेगात पळतो. कारण व्यवहारी होतं. खांद्याचा जोर आणि पायांचा वेग शिकवून फारसा वाढत नाही. बाकीचं शिकवायला तीसेक संघ आणि पाच-सहा वर्षं हाताशी होती. स्टॅन म्युझियलचं उदाहरण इथे सगळ्यात बोलकं आहे. तो करारबद्ध झाला पिचर म्हणून. १९४० मध्ये डेटोना बीचला, सगळ्यात खालच्या डी वर्गात, त्याचा डावा खांदा दुखावला आणि पिचिंग संपलं. त्याच मोसमात तो अधूनमधून आउटफिल्डला खेळून बॅटिंग करत होता. १९४१ मध्ये त्याला बॅटर म्हणून सी वर्गातल्या स्प्रिंगफील्डला पाठवलं, तिथून तो रॉचेस्टरला गेला आणि सप्टेंबरमध्ये सेंट लुइसला पोचला. खांदा गेलेल्या पोराला आणखी एक मोसम देणं त्या व्यवस्थेला परवडत होतं. आजच्या १६५च्या यादीत त्याला ती जागा मिळाली असती का, याचा विचार व्हायला हवा.

या व्यवस्थेची दुसरी बाजू क्रूर होती. मेजर लीगच्या लायकीचे कितीतरी खेळाडू अडकून पडायचे. कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यांनी १९३८ मध्ये कार्डिनल्सचे सत्तरच्या वर खेळाडू मोकळे केले, पुढे डेट्रॉइटचेही.

युद्धानंतर कच्च्या पोरांचे भाव भडकले, तसे नियम आले. १९५३ ते १९५७ या काळात ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिला तर खेळाडूला दोन वर्षं थेट मेजर संघातच ठेवावं लागे. म्हणून पिचर सँडी कोफॅक्स या नियमाखाली मायनर लीगमध्ये गेलाच नाही. नियंत्रण नसलेला डावखुरा पोरगा ब्रुकलिनच्या बाकावर बसून शिकला. रोबेर्तो क्लेमेंतेच्या बाबतीत ब्रुकलिनने उलट केलं. १०,००० डॉलर बोनस देऊनही १९५४ मध्ये त्याला मायनर लीगमधल्या माँट्रियलला पाठवलं, म्हणजे मोसमानंतरच्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने खेळाडू निवडतात त्यात) तो दुसऱ्यांना उघडा राहिला. पिट्सबर्गने त्याला ४,००० डॉलरला उचलला. पिट्सबर्गचे जनरल मॅनेजर तेव्हा होते ब्रँच रिकीच.

त्या ड्राफ्टचा आजचा अवतार म्हणजे रूल फाइव्ह ड्राफ्ट, आणि पारखीच्या कामात तो दरवर्षी नोव्हेंबरमध्ये डोकं खातो. करार करताना वय १८ किंवा त्याहून कमी असेल तर पाच मोसम, जास्त असेल तर चार; त्यानंतर खेळाडूला मेजर क्लबच्या ४० जणांच्या यादीत घ्यावं लागतं, नाहीतर दुसरा क्लब १,००,००० डॉलर भरून नेऊ शकतो. नेणाऱ्याने त्याला पुढचा पूर्ण मोसम मेजर संघात ठेवायचा, नाहीतर निम्म्या किमतीत परत देऊ करायचा. नवखे विश्लेषक यात एक चूक हमखास करतात: सगळ्यात गुणी पोराला आधी झाकतात, म्हणजे यादीत घेतात. खरा प्रश्न असतो की दुसरा क्लब कोणाला वर्षभर लपवू शकेल. लो-ए या खालच्या पायरीवर चाचपडणारा २१ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फिल्डर) कितीही गुणी असला तरी मेजर संघात वर्ष काढू शकत नाही. ९७ मैलांनी फेकणारा, ट्रिपल-ए या मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर पोचलेला २४ वर्षांचा रिलीव्हर (सामन्यात मागाहून येणारा पिचर) सहज काढतो. धोका त्याला जास्त असतो.

१९६५ मध्ये हौशी खेळाडूंचा ड्राफ्ट आला आणि पारखीला भाषा लागली. तोवर स्काउट मनात येईल तसं लिहायचा. ‘हात उत्तम, पोरगा जिगरबाज’ एवढ्यावर करार व्हायचे. आता देशभरातल्या शेकडो पोरांची एकच क्रमवारी लावायची, तर फ्लोरिडातल्या स्काउटचं ‘उत्तम’ आणि कॅलिफोर्नियातल्याचं ‘उत्तम’ एका मापात बसवणं भाग होतं. १९७४ मध्ये क्लबांनी मिळून स्काउटिंग ब्यूरो काढला आणि २० ते ८० ची मोजपट्टी सर्वत्र रुळली. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, आणि दहाची पायरी म्हणजे साधारण एक प्रमाण विचलन. बॅटर-फिल्डरचे पाच गुण मोजायचे: बॅटिंग, ताकद, पळणं, फिल्डिंग, फेक. प्रत्येकाला दोन अंक, आजचा आणि उद्याचा. अठरा वर्षांच्या पोराच्या बॅटिंगला ३०/५५ मिळाले तर ती नापसंती नाही, चांगली बातमी आहे. कारण तुलना त्याच्या वयाच्या पोरांशी नसून मेजर लीगशी आहे.

पळणं मोजायला सगळ्यात सोपं. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज आला की घड्याळ सुरू, पाय पहिल्या बेसला लागला की बंद. उजव्या बॅटरचे ४.३ सेकंद म्हणजे ५०, ४.२ म्हणजे ६०, ४.० म्हणजे ८०. डावखुरा बेसच्या जवळ उभा असतो, म्हणून त्याच्यासाठी सुमारे दशांश सेकंद कमी धरायचा. बंट मारताना (चेंडू हलकेच अडवताना) किंवा चेंडू लागायच्या आधीच पळत सुटलेल्या फटक्यावर घेतलेली वेळ बाद करायची, आणि एका वेळेवर कधीच अंक द्यायचा नाही. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू आल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत २.० सेकंद ही सरासरी.

पिचिंगचा वेग मोजायची रडार गन याच काळात, १९७४-७५च्या सुमाराला, मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांच्या खटपटीतून मैदानात आली. सुरुवातीला दोन प्रकारच्या गन चालायच्या. एक हातातून सुटताना वेग पकडायची, दुसरी बॅटरपुढच्या प्लेटच्या जवळ, आणि चेंडू वाटेत साताठ मैलांचा वेग गमावतो. दोन्हींत तीन-चार मैलांचा फरक यायचा. जुना अहवाल वाचताना गन कोणती हे ठाऊक नसेल तर त्यातल्या आकड्याला अर्थ नाही. अंकांचा अर्थही सरकतो: एकेकाळी ताशी ९० मैलांचा फास्टबॉल ५० ठरायचा, आज त्याला ९३-९४ लागतात. शिवाय गन फक्त वेग सांगते. २००८ मध्ये भारतभर वेगाची स्पर्धा घेऊन निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू पिट्सबर्गने करारबद्ध केले. बेसबॉल आधी कधीच न खेळलेला रिंकू ए वर्गापर्यंत पोचला ही मोठी मजल होती. त्यापुढची चढण वेगाच्या पलीकडची असते.

आकड्यांकडे बघायची नजर १९८५ मध्ये बदलली. तोवर मायनर लीगमधली कामगिरी निरर्थक, असा समज पक्का होता. बिल जेम्स यांनी दाखवलं की लीग आणि मैदान यांचा हिशेब करून धावनिर्मितीत सुमारे १८ टक्के घट धरली, तर ट्रिपल-ए आणि त्याखालच्या डबल-एमधले बॅटिंगचे आकडे पुढचा अंदाज जवळपास मेजर लीगच्या आकड्यांइतकाच चांगला देतात. सगळी मेख ‘हिशेब करून’ यात आहे, आणि आजही बहुतेक चुका तिथेच होतात.

म्हणून कोणत्याही ओळीचा सरासरीचा रकाना शेवटी वाचावा. आधी वय आणि पायरी. डबल-एमधल्या खेळाडूंचं सरासरी वय २३-२४च्या आसपास असतं. तिथे विसाव्या वर्षी जेमतेम टिकणारा पोरगा पंचविसाव्या वर्षी धुमाकूळ घालणाऱ्यापेक्षा बहुधा मोठा प्रॉस्पेक्ट असतो. माइक ट्राउटने २०१० मध्ये सीडर रॅपिड्स या मायनर संघात ०.३६२ च्या सरासरीने बॅटिंग केली, आकडा देखणा होताच, पण तेव्हा त्याचं वय अठरा होतं हे जास्त महत्त्वाचं. मग मैदान आणि लीग. आल्बुकर्की पाच हजार फुटांवर, रेनो साडेचार हजारांवर; विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल कमी वळतो. तिथल्या बॅटरचे होमरन (मैदानाच्या कुंपणापलीकडे गेलेले फटके) कमी धरायचे आणि पिचरला माफी द्यायची. त्यानंतर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) आणि वॉक (चार बेताल चेंडूंमुळे फुकट मिळणारा बेस), कारण ते लवकर स्थिरावतात. स्ट्राइकआउटच्या प्रमाणाला साठेक प्लेट अपिअरन्समध्येच (बॅटिंगच्या खेपांमध्येच) अर्थ येऊ लागतो. मैदानात मारलेल्या चेंडूंवरची सरासरी शेकडो चेंडूंनंतरही नशिबावर हेलकावे खाते. मे महिन्यातल्या ०.३८० वर उड्या मारणाऱ्यांना ऑगस्टमध्ये याचा प्रत्यय येतो.

ब्रँडन वूड हा या सगळ्याचा धडा. २००५ मध्ये वीस वर्षांच्या या शॉर्टस्टॉपने रँचो कुकामोंगाला ४३ होमरन मारले आणि पुढच्या वर्षी तो देशातल्या पहिल्या तीन प्रॉस्पेक्टमध्ये गणला गेला. वय अनुकूल होतं. पण कॅलिफोर्निया लीग बॅटरना लाडावणारी, आणि होमरनच्या शेजारच्या रकान्यात सव्वाशेच्या वर स्ट्राइकआउट होते. मेजर लीगमध्ये त्याची सरासरी राहिली ०.१८६.

पिचरमध्ये फसगत वेगळी होते. कॉलेजातून आलेला बावीस वर्षांचा पिचर चांगला चेंजअप (वेग कमी करून फसवणारा चेंडू) घेऊन लो-एमध्ये उतरला की तिथली पोरं हवेत बॅट फिरवतात, कारण त्यांनी तसा चेंजअप बघितलेलाच नसतो. डबल-एमध्ये बॅटर तो सोडून देतात आणि ८९ मैलांच्या फास्टबॉलची वाट बघतात. स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) होणार का रिलीव्हर, हे ठरवायला तीन चालणारे पिच (चेंडूचे प्रकार), पुरेसे स्ट्राइक आणि मोसम पेलणारा खांदा असं तिन्ही लागतं. खांदा कधी दगा देईल याचं माप मात्र अजून कोणाकडे नाही. १९९१ मध्ये यँकीजने सगळ्यात आधी निवडलेल्या ब्रायन टेलरला १५ लाख ५० हजार डॉलर मिळाले. १९९३च्या डिसेंबरमध्ये मैदानाबाहेरच्या मारामारीत खांदा गेला आणि तो मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही.

२०२१ मध्ये चित्र पुन्हा पालटलं. १६० संलग्न संघांचे १२० झाले, ड्राफ्ट ४० फेऱ्यांवरून २० वर आला. १९८८ मध्ये माइक पियाझा ६२व्या फेरीत, १,३९०व्या क्रमांकावर निवडला गेला होता. आता ती फेरीच नाही. वाट बघायला जागा उरली नाही म्हणून मोजमाप कराराच्या आधी सरकलं आहे: बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग, फेकलेल्या चेंडूचे फेरे, स्ट्राइक झोनबाहेरच्या किती चेंडूंवर बॅट फिरते, हे शाळकरी पोराचंही नोंदलं जातं. हे आकडे सरासरीपेक्षा नक्कीच भरवशाचे आहेत. पण त्यांनाही संदर्भ लागतो. २०१९ मध्ये ट्रिपल-एत मेजर लीगचा चेंडू वापरायला सुरुवात झाली आणि एका वर्षात होमरन निम्म्याहून अधिक वाढले. २०२३ मध्ये तिथे आठवड्यातले काही दिवस स्ट्राइकचा निर्णय यंत्र द्यायचं, उरलेले दिवस पंच द्यायचे आणि खेळाडू दाद मागायचे. त्या वर्षीचे वॉक वाचताना हे धरलं नाही तर बॅटरची नजर उगाच तीक्ष्ण दिसते आणि पिचर उगाच बेताल.

आणि क्रमवारीलाच आता थेट किंमत आली आहे. १९९० पासून दरवर्षी छापली जाणारी शंभर प्रॉस्पेक्टची यादी पूर्वी फक्त चाहत्यांच्या चर्चेचा विषय होती. २०२२च्या श्रमकराराने ठरावीक तीन याद्या नेमल्या. त्यांतल्या दोहोंत असलेल्या नवोदिताला मोसमाच्या सुरुवातीपासून मेजर संघात खेळवलं आणि तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीनंतर एक जादा निवड मिळते. सिअ‍ॅटलला हुलिओ रोद्रिगेझमुळे २०२३च्या ड्राफ्टमध्ये ती सगळ्यात आधी मिळाली. त्यामुळे यादीच्या तळाशी, नव्वदाव्या आणि एकशे दहाव्या क्रमांकाच्या मधे, कोण आत आणि कोण बाहेर याकडे क्लबांची कार्यालयं आता चाहत्यांइतकीच डोळे लावून असतात.