आधी तुटते ते छापील पान

पेशवे दफ्तरातला अठराव्या शतकातला मोडी कागद रुमालातून काढून उलगडला, तरी सहसा मोडत नाही. 1900च्या आसपासचे वर्तमानपत्र मात्र घडीवरच तुटते आणि बोटांना भुगा लागतो. जे जुने तेच आधी जाणार, असा आपला समज असतो. कागदाच्या बाबतीत तो बराचसा चुकीचा आहे.

हातकागद जुन्नरसारख्या गावी बनत असे. चिंध्या आणि ताग चुन्यात भिजवून, कुटून लगदा करायचा, ताव वाळला की खळ लावून दगडाने घोटायचा. चुन्याचा अंश राहिल्याने त्यात आम्ल फारसे साचत नाही. काजळाची शाईही टिकाऊ. अशा कागदाला भीती वाळवीची, कसरीची आणि ओलीची.

विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले, 'दर्पण' 1832 मध्ये मुंबईत निघाले. तोवर छापायचा कागदही मुख्यतः चिंध्यांचाच होता. पण 1807 मध्ये जर्मनीत इलिगने राळ आणि तुरटीची खळ देण्याची रीत प्रसिद्ध केली होती; 1840च्या दशकात लाकूड घासून लगदा करण्याचे यंत्र आले. कागद स्वस्त झाला. तुरटीतून होणारे आम्ल तंतू आतून तोडत राहते, लाकडातला लिग्निन नावाचा घटक उजेडाने पिवळा पडतो. 'केसरी' 1881चा; म्हणजे मराठी वृत्तपत्रे बहरली ती नेमकी या स्वस्त कागदाच्या काळात.

असा मजकूर वाचवण्याचा आधीचा उपाय मायक्रोफिल्मचा, म्हणजे पाने फिल्मवर लहान करून टिपण्याचा. त्या काळ्यापांढऱ्या चित्रात समासातली पेन्सिल पुसट होते, आणि ॲसिटेटची फिल्म दमट हवेत स्वतःच कुजून व्हिनेगरसारखी वास मारू लागते.

2003 मध्ये हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले. त्याच सुमारास डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने छापील पुस्तके झपाट्याने स्कॅन केली, मराठीही पुष्कळ. ते संकेतस्थळ पुढे बंद पडले. प्रती इंटरनेट आर्काइव्ह या दुसऱ्या संकेतस्थळावर उरल्या, हे नशीबच. पण घाई दिसते: कुठे पाने गाळलेली, कुठे ओळीचे टोक कापलेले. ठिसूळ पुस्तक पुरते उताणे करू नये, अर्धवट उघडून पाळण्यासारख्या आधारावर ठेवावे आणि वरून कॅमेऱ्याने टिपावे, एवढी सवड हवी होती. शिवाय मराठी नावे रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी टंकलेली. एखादे पुस्तक शोधताना तीन-चार स्पेलिंगे घालून पाहावी लागतात, आणि तेवढ्यानेही ते सापडेलच असे नाही.