हातकुऱ्हाड घडवणे (भंगार पोलादापासून)

ट्रकच्या कमानीचा पाटा, जुना हातोडा किंवा मोडक्या यंत्राचा तुकडा भट्टीत तापवून आणि ऐरणीवर ठोकून एका हाताने चालवता येईल अशी लहान कुऱ्हाड तयार करण्याचे लोहारकाम. अशा कुऱ्हाडीचा लोखंडी भाग साधारण अर्धा ते पाऊण किलोचा आणि दांडा दीड फुटाच्या आतबाहेर असतो. जळण फोडणे, फांद्या छाटणे, कुंपणाच्या मेखा तासणे एवढी कामे तिने होतात. आकडे, खिळे, खुरपे करून हात बसलेला नवशिका लोहार पुढची पायरी म्हणून बहुधा हीच वस्तू घेतो.

महाराष्ट्रात भंगारातून अवजारे करणे हा छंद नव्हे, पोटाचा धंदा आहे. बलुत्यातला गावलोहार आणि रस्त्याकडेला पाल टाकून आठवडी बाजार गाठणारे घिसाडी, दोघेही कमानपाट्यांतून कोयते, विळे, कुऱ्हाडी घडवत आले आहेत. घिसाड्यांच्या पालावर पुरुष सांडशीत लोखंड धरतो, लहान हातोड्याने ठोक्याची जागा दाखवतो आणि बाई घण घालते. दोन माणसांचा हा ताल नवशिक्याने एकदा तरी जवळून पाहावा; घण कुठे पडावा हे वाचून कळत नाही.

पहिला निर्णय पोलादाचा. धार टिकायची तर त्यात कार्बन पुरेसा हवा. कमानपाट्यात तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, चांगल्या हातोड्यातही जवळपास तितकाच, आणि कुऱ्हाडीला तेवढा योग्य आहे. बांधकामाच्या सळईत तो फार कमी. तिची कुऱ्हाड दिसेल छान, पण पाणी धरणार नाही, म्हणजे तापवून बुडवली तरी कडक होणार नाही. ओळखीची सोपी परीक्षा अशी : तुकड्याचे टोक पातळ ठोकावे, लाल तापवून पाण्यात बुडवावे आणि हातोड्याने मोडून पाहावे. कटकन तुटले तर ते कडक होणारे पोलाद, नुसते वाकले तर मऊ लोखंड. वर्षानुवर्षे लचकलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या भेगा असतात, म्हणून भोकाजवळचा आणि गंजाने खाल्लेला भाग कापून टाकावा. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत घालू नये. त्याच्या धुराने ताप भरतो. रुळाचा तुकडा कितीही मोहात पाडो, तो घेऊ नये. रेल्वेच्या मालाचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

सगळ्यांचे लक्ष धारेकडे असते, पण नवशिक्याची कुऱ्हाड बिघडते ती नेढ्यात. दांडा बसवायचे हे भोक वाकडे झाले तर पाते कायम तिरके बसते, आणि त्याच्या भिंती पातळ झाल्या तर ती तिथेच फुटते. ही अडचण फार जुनी आहे. विदर्भात नागपूरजवळच्या माहुरझरीसारख्या महापाषाणीय (मोठ्या शिळा रचून दफने करणाऱ्या प्राचीन लोकांच्या) स्थळांवर मिळालेल्या कुऱ्हाडी चपट्या आहेत, त्यांना नेढे नाही. दांडा पात्याला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला असे. त्याच परिसरात नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली आहे, म्हणजे ते लोक धातुकामात कच्चे नव्हते.

नेढे तीन प्रकारे होते. पट्टी मधोमध दुमडून सुंभ्याभोवती (भोक पाडायच्या किंवा रुंदावायच्या पोलादी दांड्याभोवती) वळवायची आणि टोके टाकणखार घालून भट्टीतच जोडायची, ही एक रीत. मऊ लोखंडाला ती छान साधते, मात्र कमानपाट्याचे सिलिकॉनयुक्त पोलाद असे सहज जुळत नाही आणि नवख्याच्या हातून सांधा उघडा राहतो. दुसरी रीत म्हणजे जाड तुकड्यात चपट्या सुंभ्याने फट पाडून ती अंडाकृती रुंदावणे. निम्म्यापर्यंत एका बाजूने आणि मग उलटून दुसऱ्या बाजूने सुंभा मारला तर भोक मध्यावर राहते. तिसरी रीत, आणि पहिल्या कुऱ्हाडीसाठी माझ्या मते हीच घ्यावी, ती म्हणजे भंगारातला गोल डोक्याचा हातोडा. त्यात नेढे आयते मिळते. सपाट तोंड माथा म्हणून राखायचे आणि गोल डोके ठोकून त्याचे पाते काढायचे.

भट्टीला लोणारी किंवा दगडी कोळसा आणि वाऱ्याला भाता किंवा हातपंखा पुरतो. घडवताना रंगावर नजर ठेवावी लागते. पिवळसर नारिंगी रंगावर, म्हणजे हजार अंशांच्या आसपास, पोलाद मेणासारखे सरकते. गडद लाल झाले की ठोकणे थांबवून परत भट्टीत घालावे, नाहीतर आत भेगा पडतात. तुकड्यातून पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळले. तेवढा भाग कापण्याला पर्याय नाही. आधी नेढ्यालगतचा भाग दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करतात, मग हातोड्याच्या निमुळत्या तोंडाने धारेच्या दिशेने आणि खाली रुंदी काढतात. ठोके दोन्ही अंगांना सारखे पडले नाहीत तर पाते एका बाजूला कलते. मधूनमधून नेढ्यात सुंभा घालून त्याचा आकार सरळ करत राहावे, कारण शेजारी ठोकताना ते आवळत जाते. धार यावेळी पूर्ण काढत नाहीत. दीड-दोन मिलिमीटर जाडी राखतात, म्हणजे पुढे ती मुरडत नाही.

घडाई संपली की पाते चुंबक चिकटणे बंद होईपर्यंत तापवून हवेत निवू देतात, आणि असे दोन-तीन वेळा करतात. ठोकाठोकीने आणि जास्त तापाने भरड झालेला पोलादाचा कण त्याने बारीक होतो. नवशिके ही पायरी गाळतात आणि कुऱ्हाड पहिल्याच लाकडावर तुकडा टाकते.

मग पाणी देणे. नाव पाण्याचे असले तरी कमानपाट्याला तेल बरे. पाण्यात हे पोलाद तडकण्याची भीती मोठी. चुंबक सुमारे ७७० अंशांना सुटते, त्याहून थोडे वर तापवून फक्त धारेकडचा इंचभर भाग कोमट गोडेतेलात बुडवावा. माथा आणि नेढे मऊच राहिले पाहिजेत, कारण झटका तेच सोसतात. गाडीचे जळके तेल वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो. तेलाचे भांडे लोखंडी हवे आणि झाकण हाताशी. कानस धारेवरून घसरली तर कडकपणा आला असे समजावे.

या अवस्थेतली धार काचेइतकी ठिसूळ असते, म्हणून तिचा कडकपणा लगेच थोडा उतरवतात. पाते घासून चकचकीत करून नेढ्यात लाल तापवलेला सुंभा ठेवला की रंगांचे पट्टे हळूहळू धारेकडे सरकतात : आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. धारेवर तपकिरी जांभळ्याकडे झुकला की पाते गार करावे. तो ताप २६० अंशांच्या आसपासचा. निळा धारेपर्यंत पोचला तर ती मऊ पडली, पुन्हा पाणी द्यावे लागते. घरच्या ओव्हनमध्ये २३० ते २५० अंशांवर तास-तास दोनदा ठेवूनही हे साधते, आणि पहिल्या वेळी तेच सोपे जाते.

दांड्याला धावडा उत्तम. बाभूळ आणि तिवसही चालतात. लाकूड वाळलेले आणि रेषा लांबीत धावणाऱ्या हव्यात. नेढे मध्ये किंचित अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद ठेवलेले असले की वरून ठोकलेली पाचर दांड्याला आत फुलवते आणि पाते निसटत नाही. बसवल्यावर जवसाचे तेल पाजतात. शेवटची धार सहाणेवर पाणी घालत काढावी. ग्राइंडरवर ती निळी पडली तर दिलेले पाणी उतरते.