डबा टाळून वजन उतरतं का?

मुंबईत कॉलेजला जाणाऱ्या पोरापोरींनी ‘आता वजन कमी करायचंच’ असं मनावर घेतलं की पहिली कुऱ्हाड पडते ती डब्यावर. आई ओट्याशी उभी राहून ‘अगं, निदान दोन पोळ्या तरी ने’ म्हणत असते आणि पोरगी सँडल चढवत ‘नको गं, डाएट चालू आहे’ म्हणत लोकल पकडायला पळते. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी कॅन्टीनची कॉफी आणि संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर हातात गरम वडापाव. मग आणखी एक. मग केल्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून रात्रीच्या जेवणाला फाटा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या चक्राचा बराच अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डायान न्यूमार्क-स्टायनर यांच्या गटाने 1998-99 मध्ये ‘प्रोजेक्ट ईट’ सुरू केला आणि 4,700 हून अधिक शाळकरी मुलामुलींना वजनासाठी काय काय करता, ते विचारलं. काही जण फळं-भाज्या वाढवत होते, तळलेलं-गोड कमी करत होते, व्यायाम करत होते. बाकीचे जेवण चुकवत होते, उपाशी राहत होते, भूक मारायला सिगरेट ओढत होते. काही तर उलट्या काढण्यापर्यंत आणि जुलाबाच्या औषधांपर्यंत गेले होते. या दुसऱ्या प्रकारच्या मुलींच्या आहारात फळं, भाज्या, धान्यं, कॅल्शियम, लोह, फोलेट, झिंक असं सगळंच कमी भरलं. 5 वर्षांनी सुमारे 2,500 जणांना पुन्हा गाठलं तेव्हा उपाशी राहण्यासारखे हे दुसरे मार्ग धरलेल्यांमध्ये वजन प्रमाणाबाहेर जाण्याचा धोका इतरांच्या सुमारे 3 पट निघाला. मुळात जाड असलेली मुलंच उपाशी राहत असतील, ही शंका रास्त आहे. पण सुरुवातीचं वजन हिशेबात धरूनही आकडा तसाच राहिला.

असं का होतं, याचं निम्मं उत्तर त्याच विद्यापीठात फार आधी मिळालं होतं. 1944-45 मध्ये एका प्रयोगात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. रोज सुमारे 1,570 कॅलरी. (आज मोबाइलवर फिरणारे कित्येक डाएट चार्ट याहून कमी देतात, हे जाता जाता.) वजन पाव हिश्शाने उतरलं, पण डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही राहिलं नाही. ही माणसं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटं चाटून पुसून साफ करायची. खायची मोकळीक मिळाल्यावर काहींचं पोट भरे, पण भूक भागेना.

चरबी घटली की तिच्यातून मेंदूकडे जाणारं, भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक (हार्मोन) कमी होतं आणि भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेलबर्नमधल्या एका अभ्यासात वजन उतरवल्यानंतर वर्षभरानेही ही संप्रेरकं मूळ जागी आली नव्हती. त्यामुळे संध्याकाळच्या वडापावाला ‘मनाचा दुबळेपणा’ म्हणणं मला पटत नाही. दिवसभर पोटाला चिमटा काढलेलं शरीर समोर दिसेल ते मागतं, आणि आपल्या स्टेशनांबाहेर काय दिसतं ते सांगायला नको.

आता त्या नाकारलेल्या डब्याचा हिशेब मांडू. 60 ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या आणि 30 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ. तेलासकट साधारण 400 कॅलरी, 12 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, 10 ग्रॅमच्या वर चोथा (फायबर), आणि थोडंफार लोह. दोन वडापाव म्हणजे 600 च्या घरात कॅलरी. त्यात बेसनामुळे थोडी प्रथिनं असतात, पण बाकी बटाटा, मैदा आणि तेल. म्हणजे डबा टाळून कॅलरी वाचल्याच नाहीत. गेला तो चोथा आणि गेलं ते लोह. लोहाची तर आपल्याकडे आधीच बोंब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. उसळीवर लिंबू पिळलं तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच कटिंग मारला तर चहातली टॅनिन्स ते अडवतात.

उपवासाचं तर विचारूच नका. सोमवार, गुरुवार, नवरात्र हे हल्ली भक्ती आणि डाएट दोन्हींच्या खात्यात जमा होतात. पण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यावर तूप आणि बटाटा. एकादशी आणि दुप्पट खाशी!

काट्यावर मात्र पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरलेले दिसतात आणि हुरूप येतो. त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो. शरीर स्नायूंत आणि यकृतात साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की तेही जातं, पोटभर जेवलं की परत येतं. पुढे उपासमार चालूच राहिली आणि प्रथिनंही कमी पडली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

हे आपल्याला जास्त महागात पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची सर्रास आढळणारी ठेवण. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ 25 ऐवजी 23 वर ओढली गेली. रक्तातली साखर मोठ्या प्रमाणावर वापरतात ते स्नायू. मुळातच कमी असलेले स्नायू उपाशी राहून आणखी घालवले, तर काटा खाली जाईल, पण मधुमेहाचा धोका त्याच मापात खाली येईलच असं नाही. जिमवाली मुलं याच्या उलट टोकाला प्रोटीन पावडरींचे डबे रिकामे करतात. 2024 च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेने त्या टाळायलाच सांगितलंय.

मुलींच्या बाबतीत एक खूण घरच्यांनी डोळ्यांआड करू नये. खाण्यातून मिळणारी ऊर्जा फारच कमी पडली की मेंदू अंडाशयांना दिले जाणारे संदेश आखडते घेतो आणि पाळी लांबते किंवा थांबते. हाडं मजबूत ठेवणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, आणि हाडं भरण्याचं वय तर नेमकं हेच असतं. ‘अभ्यासाचा ताण असेल’ म्हणून आया हे सोडून देतात. डाएट करणाऱ्या मुलीची नियमित असलेली पाळी लागोपाठ 3 महिने आली नाही, किंवा जेवल्याजेवल्या ती रोज बाथरूममध्ये कोंडून घेऊ लागली, तर डाएट चार्ट बदलत बसू नका, डॉक्टरकडे न्या. खाण्याच्या भीतीबद्दल नुसतं बोलायचं असेल, तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.